उरणारा एक

"मॅडम, देवाला तरी माहीत असेल ना?"

आठवीच्या वर्गातला प्रश्न. फळ्यावर मी √२ लिहिलं होतं, त्यापुढे १.४१४२१३५६ आणि तीन टिंबं. हे आकडे कधी संपत नाहीत, त्यांच्यात एकच गट पुन्हा पुन्हा येतो असंही होत नाही, म्हणून ही अपरिमेय संख्या, एवढं सांगून झालं होतं. खिडकीजवळच्या बाकावरची मुलगी उभी राहिली. पुढचे सगळे आकडे कुणाला माहीत आहेत, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, कुणालाच नाहीत. तेव्हा तिनं देवाचं विचारलं. वर्ग हसला. तास संपायला दहा मिनिटं होती, सराव संच अर्धा राहिला होता. मी म्हणाले, "हे परीक्षेला येत नाही. बस खाली."

ती बसली, आणि त्या वर्षात पुन्हा काही विचारायला उठली नाही.

अठ्ठावीस वर्षं मी आठवी-नववीला गणित शिकवते आहे, चाळीसगाव तालुक्यात. या काळात माझ्या हातून ज्या चुका झाल्या त्यांतली ही मला सर्वांत जास्त टोचते. त्या धड्यात विचारण्यासारखं जे सगळ्यांत मोठं होतं तेच तिनं विचारलं होतं. तिला द्यायचं राहिलेलं उत्तर मी इथे लिहिते आहे.

आठवीच्या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण 'परिमेय व अपरिमेय संख्या' असं आहे. नववीला 'वास्तव संख्या' येतं. आम्ही शिक्षक फळ्यावर डब्यात डबा काढतो: आत नैसर्गिक संख्या, तिच्याबाहेर पूर्ण संख्या, मग पूर्णांक, मग परिमेय. मुलं ती आकृती सुबक काढतात, गुण मिळवतात आणि विसरतात. या आकृतीत एक गोष्ट झाकली जाते. प्रत्येक मोठा डबा कुणाच्या तरी अडचणीतून आलेला आहे.

ऋण संख्येचंच घ्या. सातव्या शतकात, इ. स. ६२८ मध्ये, ब्रह्मगुप्तानं शून्याचे आणि ऋण-धन संख्यांचे नियम लिहिले, ते 'धन' म्हणजे मालमत्ता आणि 'ऋण' म्हणजे कर्ज याच शब्दांत. ते शब्द आपल्या भाषेत जसेच्या तसे राहिले. एका वर्षी मी विचारलं, शून्यापेक्षा कमी काही असू शकतं का? पुढच्या बाकावरचा मुलगा लगेच म्हणाला, "असतं ना मॅडम. कापूस विकला की सगळे पैसे सोसायटीत जातात, तरी उणेच राहतं." त्या मुलाला ऋण संख्या 'वास्तव' आहे हे पटवून द्यावं लागलं नाही. घरात ती रोज जेवायला बसत होती.

अपरिमेय संख्येचं तसं नाही. ती कुणाच्या घरात दिसत नाही. तिची व्याख्याच नकाराची आहे: जी पी छेद क्यू या रूपात लिहिता येत नाही ती. 'नाही' म्हणून जिची ओळख, ती वास्तव कशी, हा प्रश्न मुलांच्या डोक्यात येतो, पण तोंडावर येत नाही. शब्द मात्र ओळखीचा आहे. परिमेय म्हणजे मोजता येणारं, अपरिमेय म्हणजे मापात न बसणारं. विष्णुसहस्रनामात विष्णूचं एक नाव 'अप्रमेय' आहे, तोही याच धातूचा शब्द. घरी आजी संध्याकाळी म्हणते तो शब्द आणि पुस्तकातला शब्द सख्खी भावंडं आहेत हे मी आता वर्गात सांगते. त्या वर्षी सांगितलं नव्हतं.

आणि आता मी फळ्यापासून सुरुवात करत नाही. प्रत्येकाच्या हातात झेरॉक्सच्या दुकानातला ए-फोरचा कागद देते. कागदाची आखूड बाजू लांब बाजूवर येईल अशी कोपऱ्यापासून घडी घालायची. कागदावर एक तिरकी घडी पडते. ही आखूड बाजूवरच्या चौरसाची कर्णरेषा. आता शेजारच्याचा कागद घ्या आणि त्याची लांब बाजू या घडीवर ठेवा. टोकाला टोक लागतं. दरवर्षी या क्षणी वर्गात एक आवाज उठतो. तो मी कितीही वेळा ऐकला तरी मला शिळा वाटत नाही. ज्या कागदावर परीक्षेचे अर्ज आणि उताऱ्याच्या नकला निघतात त्या प्रत्येक कागदात √२ दडलेलं आहे. कागद मधोमध दुमडला तरी त्याचा आकार तोच राहावा म्हणून त्याच्या बाजूंचं हे प्रमाण ठरवलेलं आहे.

मग पट्टी घ्यायची. लांबी २९७ मिलिमीटर, रुंदी २१०. तिनानं भागलं की ९९ छेद ७०. म्हणजे √२ सापडलं की! मुलं टाळ्या पिटायच्या बेतात असतात. मी म्हणते, वर्ग करून बघा. ९९ चा वर्ग ९८०१. ७० चा वर्ग ४९००, त्याची दुप्पट ९८००.

एक उरला.

हा उरलेला एक मला आयुष्यभर पुरला आहे. मुलं म्हणतात, दुसरा अपूर्णांक बघू. मग मी त्यांना एक वाट दाखवते. ३ छेद २ पासून सुरुवात करा. नवा छेद म्हणजे जुना अंश आणि जुना छेद यांची बेरीज. नवा अंश म्हणजे जुना अंश अधिक छेदाची दुप्पट. ३ छेद २ वरून ७ छेद ५ येतो. त्यावरून १७ छेद १२, मग ४१ छेद २९, आणि मग आपला कागदातला ९९ छेद ७०. प्रत्येक ठिकाणी अंशाचा वर्ग आणि छेदाच्या वर्गाची दुप्पट ताडून पाहायची. ९ आणि ८. ४९ आणि ५०. २८९ आणि २८८. १६८१ आणि १६८२. कधी एक जास्त, कधी एक कमी. अपूर्णांक √२ च्या इतका जवळ जातो की पट्टीवर फरक दिसेनासा होतो, पण तो एक जात नाही.

तो कधीच जाणार नाही, याची सिद्धता मी पाठ करून घेत नाही, गोष्टीसारखी सांगते. समजा एखाद्या अपूर्णांकानं तो एक घालवला. त्याला अतिसंक्षिप्त रूपात आणा, अंश-छेद दोन्ही सम राहणार नाहीत असं करा. अंशाचा वर्ग छेदाच्या वर्गाच्या दुप्पट आहे, म्हणजे तो सम. विषम संख्येचा वर्ग विषमच येतो, तेव्हा अंश सम असला पाहिजे. पण अंश सम असेल तर त्याच्या वर्गाला चारानं भाग जातो, आणि मग छेदाचा वर्गही सम होतो, म्हणजे छेदही सम. दोन्ही सम नाहीत असं आपण आत्ताच ठरवलं होतं. वर्ग क्षणभर शांत होतो. ही शांतता देवळातल्या शांततेच्या जवळची आहे असं मला वाटतं, आणि हे मी विचार करून म्हणते आहे. आपल्याला जमलं नाही, इतकंच यातून कळत नाही. कुणालाही, कधीही जमणार नाही हे तेरा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या बुद्धीनं कळतं. माणसाच्या हाताची सीमा माणसालाच इतकी लख्ख दिसावी, असे प्रसंग थोडे.

या ठिकाणी धर्माचा संबंध मी ओढूनताणून आणत नाही. तो आधीपासून तिथे आहे. बौधायनाची शुल्बसूत्रं यज्ञाच्या वेदी बांधण्यासाठी रचली गेली. शुल्ब म्हणजे दोरी. एका चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस हवा असेल तर पहिल्या चौरसाच्या कर्णावर दोरी ताणायची आणि त्या दोरीवर नवा चौरस उभा करायचा. त्या कर्णाला नाव होतं द्विकरणी, म्हणजे दुप्पट करणारी. पण बौधायन तिथे थांबला नाही. ती दोरी आकड्यात किती, हेही त्यानं सांगितलं: एक, त्यात एक तृतीयांश, त्यात त्या तृतीयांशाचा चौथा भाग, आणि त्यातून या शेवटच्या भागाचा चौतिसावा भाग वजा. हिशेब केला की ५७७ छेद ४०८ येतो. मुलांना ही बेरीज मी करायला लावते. ५७७ चा वर्ग ३३२९२९. ४०८ च्या वर्गाची दुप्पट ३३२९२८. वेदीजवळही तो एक उरलेलाच होता. आपल्या वाटेनं ९९ छेद ७० नंतर दोन पावलं पुढे गेलं की हाच अपूर्णांक भेटतो.

दोरी आणि आकडा. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मला या दोघांत सापडतं.

ते अंगी यावं म्हणून मी मुलांना मैदानावर नेते. आमच्या भागात जमीन गुंठ्यांत बोलली जाते आणि गुंठा म्हणजे ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद तुकडा, हे शेतकऱ्याच्या पोराला पुस्तकाआधी माहीत असतं. मागच्या वर्षी गवंड्याच्या मुलानं तीन-चार-पाचच्या गाठींची दोरी करून काटकोन काढून दिले. फक्कीनं गुंठा आखला. दोघांनी समोरासमोरच्या कोपऱ्यांत सुतळी ताणून धरली आणि कातरली. ती सुतळी म्हणजे गुंठ्याचा कर्ण, नेमका, काही बाकी न ठेवता. नंतर तिच्यावर टेप लावला. ४६ फूट ८ इंच. एक मुलगी ओणवी होऊन म्हणाली, "आठ इंचांच्या केसभर पुढे आहे." खरंच तसं आहे. आकडेमोड केली तर जवळजवळ पाऊण मिलिमीटर पुढे येतं. ऊन होतं, सुतळी थोडी ताणली जात होती, तिला तो फरक दिसला की भास झाला ते सांगता येत नाही. पण सुतळी पूर्ण होती आणि आकडा अपुरा होता, हे सगळ्यांनी पाहिलं.

तेव्हा देवाला सगळे आकडे माहीत असतील का? हा प्रश्न त्या मुलीआधी मोठमोठ्या लोकांना पडलेला आहे. दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वी संत ऑगस्टीननं 'ईश्वराचं नगर' या ग्रंथात मोजायच्या संख्यांविषयी याच प्रश्नाला तोंड दिलं आहे. संख्या अनंत आहेत म्हणून ईश्वराला त्या सगळ्या ठाऊक नसतील, हे त्याला मान्य नव्हतं. एकोणिसाव्या शतकात कँटरनं अनंताचं गणित उभं केलं. १८७४ मध्ये त्यानं दाखवलं की वास्तव संख्या एक-दोन-तीन अशा ओळीत लावताच येत नाहीत. तो श्रद्धाळू होता. आपल्या गणितातलं अनंत आणि ईश्वराचं अनंत यांत तो फरक करी, आणि त्याबद्दल कॅथलिक धर्मपंडितांशी त्याचा पत्रव्यवहारही झाला.

मी त्यांच्या पंक्तीला बसत नाही. माझं उत्तर लहान आहे. √२ चा शेवटचा आकडा कुणाला माहीत नाही, कारण शेवटचा आकडा नाहीच. जे नाही ते माहीत नसणं यात उणेपणा काय? आकड्यांची रांग ही आपली, टेप हातात धरणाऱ्यांची, अडचण आहे. जो सगळं जाणतो त्यानं √२ आकड्यांच्या रांगेतूनच जाणावं असा हट्ट का? तो ते सुतळीसारखं जाणत असेल, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, एकदम. आणि बाळ, तसं थोडंसं तूही जाणतेस. तू घडी घातलीस तेव्हा √२ अख्खं तुझ्या बोटांखाली होतं.

यावरून देव सिद्ध होतो असं मी म्हणत नाही, वर्गात तर मुळीच नाही. √२ ला सिद्धता आहे, देवाला तशी नाही. दोन्ही एका तागडीत घालणं हा गणितावरही अन्याय आणि श्रद्धेवरही. आमच्याजवळच पाटणादेवी आहे. भास्कराचार्यांची आठवण सांगणारा पाटणचा शिलालेख तिथला. त्यांच्या नातवानं, चांगदेवानं, आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याची नोंद त्यात आहे, आणि भाऊ दाजी लाडांनी तो लेख प्रकाशात आणला. सहल तिकडे जाते तेव्हा मी मुलांना सांगते की शून्यानं भागलेल्या राशीबद्दल बोलताना भास्कराचार्यांना अच्युत-अनंताची आठवण झाली होती. प्रलयात सारे जीव त्याच्यात शिरले, सृष्टीच्या वेळी बाहेर पडले, तरी त्याच्यात बदल नाही. तशीच ही राशी, काही मिळवा, काही काढा, तेवढीच. उपमा अपूर्व आहे. पण त्याच दमात मी हेही सांगते की शून्यानं भागता येत नाही, आजच्या गणितात त्या लेखनाला अर्थच नाही. उपमा कितीही गोड असली तरी तिनं गणिताची चूक झाकू नये. अपरिमेयाशी मुलं यातूनच नीट वागायला शिकतात असं मला वाटतं. 'सांगता येत नाही' म्हणून काहीही सांगायचं नाही. किती जवळ आलो आणि किती उरलं, ते नेमकं सांगायचं.

आर्यभटानं हे एका शब्दात केलं. व्यास २०००० असेल तर परीघ ६२८३२, असं सांगून तो या मापाला 'आसन्न' म्हणाला. आसन्न म्हणजे जवळ जाऊन बसलेलं. पुढे हजार वर्षांनी केरळात नीलकंठ सोमयाजीनं त्यावर भाष्य करताना विचारलं, खरं माप सोडून आसन्नच का सांगितलं? आणि उत्तर दिलं की खरं सांगताच येत नाही. ज्या मापानं व्यास नि:शेष मोजला जातो त्याच मापानं परीघ मोजला तर बाकी राहते. माप बारीक करा, बाकी बारीक होईल. नाहीशी होणार नाही. युरोपात लॅम्बर्टनं याची सिद्धता १७६१ साली दिली. आमच्याकडे आजही निम्मा वर्ग π ला परिमेय म्हणून मोकळा होतो, कारण सहावी-सातवीपासून २२ छेद ७ अंगवळणी पडलेलं असतं. त्या मुलांचे गुण कापताना मला वाईट वाटतं. चूक त्यांची नाही, २२ छेद ७ पुढे 'आसन्न' हा शब्द लिहायला आपण विसरलो.

या शब्दानं मला वडील आठवतात. माझं माहेर मुक्ताईनगरकडचं. वडील मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरपूरला पायी जात, महिनाभराची वाट. थकल्यावर दर्शनाच्या रांगेत दहा-बारा तास उभं राहणं त्यांना जमेना. ते लांबून कळस बघायचे, हात जोडायचे आणि परत फिरायचे. एकदा मी रागावून म्हटलं, "अप्पा, एवढं चालून गेलात आणि विठोबाला न भेटताच आलात?" ते म्हणाले, "भेटलो की. जिथून दिसला तिथून." मला ती त्यांची समजूत वाटली होती. गणित शिकवताना कधीतरी लक्षात आलं की त्यांनी कळसाला विठोबा म्हटलं नव्हतं, आणि विठोबा नाही असंही म्हटलं नव्हतं.

'वास्तव' या नावाबद्दल मुलं हल्ली विचारतात, तेव्हा मी डेडेकिंडची गोष्ट सांगते. १८५८ साली तो झ्युरिकमध्ये विद्यार्थ्यांना कलनशास्त्र शिकवत होता. शिकवताना त्याला जाणवलं की ज्या संख्यारेषेवर आपण हे सगळं उभं करतो तिला पक्का पायाच नाही. त्याच्या मनाला ते लागलं. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला त्याला उत्तर सापडलं, आणि पुस्तक त्यानं १८७२ मध्ये छापलं. एका शिक्षकाला वर्गात उभं राहून खोटं वाटू लागलं, आणि त्यातून वास्तव संख्यांची नेमकी व्याख्या आली, ही गोष्ट मला फार जवळची आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: सगळे अपूर्णांक दोन गटांत टाका. ज्यांचा वर्ग दोनपेक्षा कमी ते डावीकडे (ऋण अपूर्णांक सगळे डावीकडेच), ज्यांचा जास्त ते उजवीकडे. एकही अपूर्णांक मध्ये उरत नाही. पण दोन्ही गटांच्या मध्ये जी जागा आहे ती नेमकी आहे, केसभरही इकडे-तिकडे सरकत नाही. ती जागा म्हणजेच √२. डाव्यांना आणि उजव्यांना, सगळ्यांना, ती कुठे आहे ते माहीत आहे. तिथे मात्र त्यांच्यातला कुणीच नाही.

यंदा हे सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एक मुलगा मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. तसा तो अबोल, गणितात पस्तीस-चाळीसच्या आसपास. त्यानं रात्री बसून ती वाट पुढे चालवली होती. ५७७ छेद ४०८ नंतर १३९३ छेद ९८५, मग ३३६३ छेद २३७८, मग ८११९ छेद ५७४१. प्रत्येकाचे वर्ग हातानं केले होते, खोडरबरनं कागद दोन ठिकाणी फाटला होता. शेवटच्या ओळीत ६५९१८१६१ आणि त्याखाली ६५९१८१६२.

"मॅडम, अजून एक आहेच," तो म्हणाला. "पुढचं पान घेऊ का?"

मी माझ्या टेबलाच्या खणातून त्याला कोरे कागद दिले, ए-फोरचे. त्यातला एक त्यानं आधी घडी घालून पाहिला.